अरुंद टायरांचा मोसम

आमच्या गावात टायरचं एकच दुकान आहे आणि ते माझं आहे. त्यामुळे गावातल्या घरगुती कुरबुरीसुद्धा कधी ना कधी चाकांवर बसून माझ्याकडे येतात. मायलो आणि डोरीन वाव्रांची अशीच आली, गेल्या मार्चमध्ये.

मिस्टर वाव्रांनी मला शाळेत मोटारदुरुस्ती शिकवली. वर्गात मी एकटीच मुलगी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात पाना दिला आणि म्हणाले, "मार्ला, हा फिरव. फिरला नाही तर रडू नकोस, लांब पाना घे." आज मी बावन्न वर्षांची आहे, ते एक्काहत्तरचे, तरी माझ्या तोंडून अजून 'मायलो' निघत नाही. डोरीनना मात्र मी नावानंच हाक मारते. त्यांनी तीस वर्षं गावाबाहेरच्या खडीच्या रस्त्यांवर टपाल वाटलं. नेब्रास्काच्या हिवाळ्यात, बर्फात, चिखलात. गाडी घसरायला लागली की सगळे ब्रेक दाबतात, डोरीन दाबत नाहीत. एवढं सांगितलं तरी पुरे.

दोघांना एकच नाद, ऑटोक्रॉसचा. एप्रिल ते ऑक्टोबर, दर दुसऱ्या रविवारी आमचा क्लब जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर केशरी शंकू मांडून नागमोडी वाट तयार करतो. त्यातून एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. फार तर एक मिनिटाचा खेळ. शंकू पडला की दोन सेकंदांचा दंड, वाट चुकली की फेरी फुकट. वर्षअखेरीला बक्षीस म्हणून कॉफीचा मग मिळतो, आणि त्या मगासाठी एरवी शहाणीसुरती असलेली माणसं सेकंदाच्या दहाव्या भागावरून रात्रीची झोप घालवतात.

वाव्रांची लाल मियाटा १९९१ सालची. दोन माणसांची, कापडी टपाची, आणि पॉवर स्टिअरिंग नसलेली. "रस्ता हाताला कळला पाहिजे," असं मिस्टर वाव्रांचं म्हणणं. एकाच गाडीतून दोघं आळीपाळीनं स्पर्धेत भाग घ्यायची. डोरीनची फेरी संपली की त्या उतरायच्या, हे बसायचे. मग पुन्हा त्या. नऊ वर्षं असंच चाललं. आणि नऊही वर्षं डोरीन नवऱ्यापेक्षा वेगवान होत्या. हे सगळ्या क्लबाला माहीत होतं, मिस्टर वाव्रांना सगळ्यांत जास्त.

ऑक्टोबरमध्ये मोसम संपला आणि दोन आठवड्यांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. सौम्य, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं महिनाभरात ताळ्यावर आलं, पाय सुधारला, डावा हात मात्र मागे राहिला. मार्चमध्ये गाडी चालवायची परवानगी मिळाली, तसे ते घरची ऑटोमॅटिक पिकअप घेऊन किराणा आणायला जाऊ लागले. मियाटाचा विषय कुणी काढत नव्हतं.

मग एका मंगळवारी, नवरा व्यायामाच्या तासाला गेलेला असताना, डोरीन दुकानात आल्या. हातात जर्दाळूच्या कोलाचेंचा, म्हणजे चेक पद्धतीच्या गोड पावांचा डबा. तो टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "एकशे पंच्याण्णव मागव. चार. आमच्या जुन्या सात इंची रिमांवर बसव."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. हा आकडा म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. त्यांच्या गाडीला सहा वर्षं दोनशे पंचवीस होते, नऊ इंची रिमांवर. क्लबातले सगळे वेगवान लोक तेच लावतात. रुंद टायर जमीन घट्ट धरतो, वळणावर गाडी सुटत नाही. मात्र तो जड असतो, गरम व्हायला वेळ घेतो, आणि गार टायर पकडत नाही.

"एवढे अरुंद कशाला?" मी विचारलं.

"यंदा मी एकटी आहे ना. दोघं चालवायचो तेव्हा टायर गरम राहायचे. आता माझ्या दोन फेऱ्यांमध्ये दहा-दहा मिनिटं गाडी वाऱ्यात उभी राहणार. त्यात एप्रिलची थंडी. अरुंद असले तर लवकर तापतील."

कारण खोटं नव्हतं. पण त्या बोलताना डब्याच्या झाकणाशी चाळा करत होत्या, आणि डोरीन वाव्रा कधी कशाशी चाळा करत नाहीत.

"आणि दुसरं कारण?" मी म्हटलं.

त्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. "रविवारी मी भांडी घासत होते. आमच्या सिंकवरच्या खिडकीतून गॅरेज दिसतं. हा जाऊन गाडीत बसला. चालू केली नाही, नुसता बसला आणि स्टिअरिंग फिरवायला लागला. उभ्या गाडीत, सिमेंटवर, त्या रुंद टायरांवर. धडधाकट माणसालाही जड जातं. पाव वळसा फिरलं आणि डावा हात निसटला. परत धरलं, परत निसटला. चार वेळा. मग हात मांडीवर ठेवून पाव तास बसून राहिला."

"तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? भांडी घासली. एक ताट तर तीनदा घासलं." त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "अरुंद टायरांवर स्टिअरिंग हलकं होतं. त्याला झेपेल, मार्ला. पण त्याच्यासाठी म्हणून लावलेत असं कळलं ना, तर तो गाडीला हातसुद्धा लावणार नाही. तेव्हा थंडी, बरं का. कुणी विचारलं तर थंडी."

मी मान हलवली आणि टायर मागवले.

गुरुवारी मिस्टर वाव्रा आले. एकटेच. त्यांनी आधी दुकानभर नजर फिरवली, माझा जॅक तपासला, त्याला तेल हवंय असं सांगितलं, मग स्टुलावर बसले.

"दोनशे पंचवीस, नवे कोरे, चार," ते म्हणाले. "सगळ्यांत मऊ रबर असेल ते."

मी ऑर्डरची वही चाळायला लागले. लपवाछपवी मला शाळेतही जमत नव्हती, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

"ती येऊन गेली वाटतं," ते म्हणाले. "काय मागितलं? एकशे पंच्याण्णव? आणि कारण थंडी?"

"मिस्टर वाव्रा, मला यात ओढू नका."

"ओढलीच गेलीयेस, पोरी. कोलाचेचे कण आहेत तुझ्या बाहीवर." ते हसले, पण हसणं टिकलं नाही. "हे बघ. मी आता चालवणार नाही. तिला अजून सांगितलेलं नाही, सांगेन. नऊ वर्षं ती माझ्याबरोबर वाटणी करत आली. सीट माझ्या मापाची, गाडीची बांधणी माझ्या सवयीची. मागच्या वर्षी तो कॉफीचा मग कितीनं हुकला? चार दशांश. सेकंदाचे चार दशांश! यंदा गाडी तिची एकटीची आहे. तिला हवी तशी होऊ दे. माझी दया येऊन ती बारके टायर लावून पाचवी येणार असेल, तर ते मला नको."

"मग हे तिलाच सांगा ना."

"घरात आम्ही सध्या औषधांच्या वेळांबद्दल बोलतो," ते म्हणाले आणि उठले.

मी रुंद टायरही मागवले. दोन्ही संच आपापल्या रिमांवर बसवले. आणि दोघांना फोन करून शनिवारी सकाळी दहाची वेळ दिली, एकमेकांना न सांगता. शहाणपणा केला की आगाऊपणा, अजून ठरवता आलेलं नाही.

दहा वाजता दोघं दारात समोरासमोर आली. आत भिंतीला टेकून आठ टायर उभे होते. चार जाडे, चार बारके. कुणाला काही सांगायची गरजच पडली नाही.

"तू मला न विचारता ठरवलंस?" डोरीन म्हणाल्या.

"तू विचारलं होतंस?"

"मी थंडीमुळे—"

"डोरीन, मी तेहतीस वर्षं पोरांना शिकवलंय. थंडी!"

मग दोघं एकदम माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी सरावाचा दिवस आहे. दोन्ही घेऊन चला. घड्याळ काय सांगतं ते बघू."

मोजून बघू म्हटलं की मिस्टर वाव्रा नाही म्हणू शकत नाहीत. एवढं मी त्यांना ओळखते.

सरावाच्या दिवशी वारा असा होता की शंकू आपणहून आडवे होत होते. डोरीननी आधी रुंद टायर लावून तीन फेऱ्या मारल्या. पहिली अठ्ठावन्न पूर्णांक सहा. गाडीचं नाक वळणाबाहेर घसरत होतं, आम्हाला लांबूनही दिसत होतं. दुसरी जरा बरी, तिसरी सत्तावन्न पूर्णांक चार. मग आम्ही चाकं बदलली. अरुंद टायरांवर पहिल्याच फेरीत सत्तावन्न पूर्णांक सात, आणि पुढच्या दोन्ही तशाच.

"बघितलंस?" डोरीन हेल्मेट काढत म्हणाल्या. "थंडी."

"बघितलं," मिस्टर वाव्रा वहीवर पेन्सिल आपटत म्हणाले. "तुझे बारके आहेत तिथंच थांबले. जाड्यांचा आकडा प्रत्येक फेरीला उतरतोय. तापले की ते पुढे जाणार."

"पण तापवणार कोण? माझ्याकडे दुसरा ड्रायव्हर कुठाय?"

"मार्लाला बसव."

"माझी पाठ धरलीये," मी म्हटलं. ते निदान अर्धं तरी खरं होतं.

डोरीननी हेल्मेट पुढे केलं. त्यांच्या मागे क्लबातली आठ-दहा माणसं होती आणि सगळी एकाएकी आपापल्या बुटांच्या नाड्या बघायला लागली. मिस्टर वाव्रांनी हेल्मेट घेतलं, अरुंद टायरांच्या त्या गाडीत बसले, आणि पट्टा लावायलाच त्यांना मिनिट लागलं. कुणी मदतीला गेलं नाही. जायचं नसतं, हे सगळ्यांना कळत होतं.

पहिल्या फेरीत त्यांनी पाच शंकू पाडले आणि एकदा वाट चुकवली. दुसऱ्या फेरीला डोरीन शेजारी बसल्या. सरावाला चालतं ते. काय बोलल्या विचाराल, तर क्लबातल्या नवख्यांना मिस्टर वाव्रा स्वतः ओरडून सांगायचे ते एवढंच: "शंकूकडे बघू नकोस, पुढं बघ." तिसऱ्या फेरीत उजव्या हातानं ओढायचं आणि डाव्यानं नुसतं थोपवून धरायचं, अशी एक रीत त्यांना सापडली. चौऱ्याहत्तर सेकंद. सायकलवाल्यानंसुद्धा गाठलं असतं. पण शंकू एकही पडला नाही. श्वास लागला होता, मान घामेजली होती, आणि चेहरा ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा आमच्या ओळखीचा दिसत होता.

इथं हे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण जेवणानंतर ऊन आलं आणि मिस्टर वाव्रांना हिशेब पुरा करायचा होता. त्यांनी पुन्हा रुंद टायर लावायला लावले आणि डोरीनना न थांबता चार फेऱ्या मारायला सांगितलं, टायर गरम राहावेत म्हणून. चौथी फेरी छप्पन्न पूर्णांक दोन. दिवसातली सगळ्यांत वेगवान. लिंकनहून येणारे दातांचे डॉक्टर केनी श्राम, ज्यांनी मागच्या वर्षी डोरीनचा मग पळवला होता, तेसुद्धा सँडविच हातात धरून बघत राहिले.

"आता मी," मिस्टर वाव्रा म्हणाले. "याच टायरांवर."

"मायलो, नको."

"दोघं चालवायचं म्हणतेस ना? मग जाड्यांवर मला चालवता आलं पाहिजे."

मी मधल्या मोठ्या वळणावर शंकू उचलायच्या कामावर होते, म्हणून पुढचं मला जवळून दिसलं. ते सुरुवातीला बरे आले. मग गाडी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळवायची होती तिथं तापलेल्या रुंद टायरांनी डांबर धरलं, स्टिअरिंगनं हिसका दिला आणि डावा हात सुटला. गाडी सरळ शंकूंमध्ये घुसली. चार पडले. त्यांनी ब्रेक मारला, गाडी बंद केली. मग दार उघडून बाहेर आले आणि तिथंच उभे राहिले. पलीकडून डोरीन चालत येत होत्या. धावत नव्हत्या.

"बघितलंस?" ते म्हणाले. "म्हणून सांगतोय, तू एकटी चालव."

"नाही."

"दीड सेकंदाचा फरक आहे, डोरीन! कॉफीचा मग घरात येईल यंदा. तुला कळत कसं नाही?"

"मला कळत नाही? अख्खा हिवाळा मी त्या चार दशांशांवर काढलाय." त्यांनी एक आडवा शंकू पायानं उभा केला. "थंडीचं मी खोटं सांगितलं."

"ते मला ठाऊक होतं."

"मग बोलायला कशाला लावतोस?"

"कारण तू बोलत नाहीस!" त्यांचा आवाज चिरकला. "सूप देतेस, गोळ्या देतेस, दवाखान्यात नेतेस. ऑक्टोबरपासून तू माझ्याकडे एक गोष्ट मागितली नाहीस. साधं मीठ पुढं कर म्हणूनसुद्धा नाही. स्वतः उठून घेतेस."

मी हातातला शंकू तसाच धरून उभी होते. तो खाली ठेवला असता तर आवाज झाला असता.

"बरं," शेवटी त्या म्हणाल्या. "मागते. बारके टायर लावू दे. माझ्याबरोबर चालव. मला त्या रांगेत एकटीला उभं राहायचं नाहीये, मायलो. मागच्या रविवारी मनात तालीम करून बघितली. मी उतरते, दार उघडते, आणि आत बसायला कुणीच येत नाही. मला नाही जमणार ते. मगाचं काय ते मी बघून घेईन."

मिस्टर वाव्रा गाडीच्या उंबऱ्यावर बसले.

"मी शेवटचा येईन," ते म्हणाले.

"येशील."

"दर वेळेला."

"हो."

"तो श्राम माझी टर उडवेल."

"तो गेली नऊ वर्षं उडवतोय."

"आणि तुझा दीड सेकंद जाईल."

"टायर गरम करून त्यातला थोडा तू परत दे," डोरीन म्हणाल्या आणि त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळायला लागल्या. मी तोंड फिरवून चार शंकू जागेवर लावले. एक चुकीच्या खुणेवर लावला, नंतर कुणीतरी ओरडलं.

तर तो मोसम असा गेला. दर फेरीला आधी मिस्टर वाव्रा, मग डोरीन. ते उतरले की चारही टायरांवर हात ठेवून बघायचे आणि ओरडायचे, "मागचे गरम आहेत, पुढचा डावा अजून गार आहे, जपून!" ती माहिती खरीच उपयोगी होती, हे मी टायरवाली म्हणून सांगते. पहिले तीन महिने ते प्रत्येक वेळी शेवटचे आले. जुलैत एका रविवारी शेवटून दुसरे आले, कारण एका पोरसवदा वकिलानं सगळ्या फेऱ्यांत वाट चुकवली, आणि त्या दिवशी मिस्टर वाव्रांनी सगळ्या क्लबाला आइस्क्रीम खिलवलं. श्राम म्हणाले, "मायलो, असाच सुधारत राहिलात तर नव्वदीला मला गाठाल." "तोवर तुझे स्वतःचे दात पडलेले असतील," मिस्टर वाव्रांनी ऐकवलं.

डोरीन मात्र हरल्या. शेवटच्या रविवारी, शेवटच्या फेरीत, श्रामनी त्यांना सहा दशांशांनी मागे टाकलं. त्यांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. गाडी बाजूला लावून त्या हेल्मेट न काढता बसून राहिल्या, आणि काचेच्या आत त्या रडत होत्या हे आम्हाला दिसत होतं. मिस्टर वाव्रा शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

मग म्हणाले, "जाडे असते तर—"

"एक शब्द बोललास तर घरी चालत यावं लागेल."

"मी फक्त म्हणतोय, दोनशे पाच म्हणून एक माप असतं. मधलं. हात आता तेवढं ओढेल."

डोरीननी हेल्मेट काढलं. नाक पुसलं. "कधीपासून?"

"ऑगस्टपासून. गॅरेजमध्ये बघितलं करून."

"आणि मला आत्ता सांगतोयस?"

"तू विचारलं नाहीस," ते म्हणाले, आणि डोरीननी त्यांना हेल्मेटनंच दंडावर मारलं. उजव्या.

बाकीचे शंकू गोळा करायला निघाले होते. तीही दोघं उतरली आणि आमच्यात आली.